जमिनीखालची उष्णता: तयार कुठे झाली, साठली कुठे आणि वर आली कशी

"भूऔष्णिक ऊर्जेमागची उष्णता नेमकी येते कुठून? पृथ्वी जन्मली तेव्हाची उरलेली धग, की खडकांतल्या किरणोत्सारी मूलद्रव्यांमुळे तयार होणारी उष्णता? आणि आपण ती काढत राहिलो तर एक दिवस संपणार नाही का?" हा प्रश्न मला वारंवार विचारला जातो. गेली अनेक वर्षं मी बोअरमधली तापमानं मोजण्याचं आणि त्यावरून खालच्या उष्णतेचा अंदाज बांधण्याचं काम करतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

थोडक्यात सांगायचं तर दोन्ही. पृथ्वीच्या पृष्ठभागातून सतत बाहेर पडणाऱ्या उष्णतेत ढोबळमानाने निम्मा वाटा किरणोत्सारी विघटनाचा आणि निम्मा जन्माच्या वेळच्या शिलकीचा. पण एवढ्यावर थांबलं तर खरा घोळ तसाच राहतो. या एका प्रश्नात तीन वेगवेगळे प्रश्न मिसळलेले असतात: उष्णता तयार कुठे होते, साठून कुठे राहते, आणि आपल्या हाताला लागेल इतकी वर कशी येते. जमिनीतल्या उष्णतेवर चालणाऱ्या वीजकेंद्राच्या दृष्टीने पहिल्या प्रश्नापेक्षा दुसरा आणि तिसरा जास्त महत्त्वाचे आहेत. तरी सुरुवात पहिल्यापासूनच करू.

ग्रॅनाइटचा एक तुकडा हातात घ्या. अशा दगडाच्या एका टनात साधारण ४ ग्रॅम युरेनियम, १५ ग्रॅमच्या आसपास थोरियम आणि ३० ते ४० किलो पोटॅशियम असतं. पोटॅशियमचा अगदी छोटा अंश, दहा हजारांत जेमतेम एक अणू, किरणोत्सारी असतो. हे अणू फुटतात तेव्हा बाहेर पडणारे कण आजूबाजूच्या स्फटिकांवर आदळून थांबतात आणि त्यांच्या वेगाची ऊर्जा उष्णतेत बदलते. किती उष्णता? एक घनमीटर ग्रॅनाइटमध्ये सुमारे अडीच मायक्रोवॅट, म्हणजे वॅटच्या दहा लाखाव्या भागाच्या अडीच पट. किलोमागे हिशेब केला तर जेमतेम एक नॅनोवॅट, म्हणजे वॅटचा अब्जावा भाग. माणसाचं शरीर स्वस्थ बसलेलं असताना किलोमागे दीड वॅटच्या आसपास उष्णता देतं. म्हणजे वजनास वजन धरलं तर आपण ग्रॅनाइटपेक्षा अब्जावधी पटींनी जास्त तापतो.

मग या दगडाने पृथ्वी गरम कशी राहते? त्याचं उत्तर वेळेत आहे. त्या एक किलो ग्रॅनाइटमधून काहीच उष्णता बाहेर जाऊ दिली नाही, तर त्याचं तापमान एका अंशाने वाढायला सुमारे पंचवीस हजार वर्षं लागतील. ऐकायला हास्यास्पद वाटतं. पण दहा लाख वर्षांत ते चाळीस अंशांच्या आसपास वाढेल, आणि भूशास्त्रात दहा लाख वर्षं म्हणजे फार मोठा काळ नाही. आकारमानही लक्षात घ्या. एक घनकिलोमीटर ग्रॅनाइट अडीच किलोवॅट उष्णता देतो, म्हणजे पाणी उकळायच्या एका मोठ्या विजेच्या किटलीएवढी. दहा किलोमीटर जाडीचा असा थर असेल, तर त्याच्या प्रत्येक चौरस मीटरमागे २५ मिलिवॅट उष्णता फक्त त्या थरातूनच तयार होते. हा आकडा लक्षात ठेवा, पुढे लागेल.

इथे एक गैरसमज नेहमी भेटतो. युरेनियम, थोरियम हे जड धातू, म्हणून ते बुडून पृथ्वीच्या गाभ्यात जाऊन बसले असतील आणि तिथे भट्टी पेटली असेल, असं अनेकांना वाटतं. प्रत्यक्षात उलट झालं आहे. अणू किती जड आहे यापेक्षा तो कोणाशी जोडला जातो याला महत्त्व आहे. युरेनियम आणि थोरियमला लोखंडाचं नव्हे, ऑक्सिजनचं आकर्षण. त्यामुळे ते गाभ्याच्या लोखंडाबरोबर न जाता वरच्या खडकांत राहिले. शिवाय त्यांचे आयन मोठे असल्याने प्रावरणातल्या, म्हणजे गाभा आणि वरचं कवच यांच्यामधल्या जाड थरातल्या, खनिजांच्या चौकटीत ते नीट बसत नाहीत. खडक थोडासा वितळायला लागला की सर्वांत आधी तेच त्या रसात उतरतात, आणि रस वर सरकतो तसे वर येतात. कोट्यवधी वर्षांत हा प्रकार पुन्हा पुन्हा घडत गेला आणि खंडांच्या वरच्या थरात ही मूलद्रव्यं गोळा झाली. म्हणून ग्रॅनाइट घनमीटरमागे अडीच मायक्रोवॅट देतो, तर प्रावरणाचा खडक त्याच्या शंभराव्या भागाइतकीच. पण प्रावरण २,९०० किलोमीटर जाड आहे, त्यामुळे एकूण बेरजेत त्याचाही वाटा मोठा ठरतो.

या मूलद्रव्यांची अर्धायुष्यंही, म्हणजे निम्मे अणू फुटायला लागणारा काळ, पाहण्यासारखी आहेत. युरेनियम-२३८चं सुमारे ४४७ कोटी वर्षं, म्हणजे जवळपास पृथ्वीच्या वयाइतकंच. थोरियम-२३२चं १,४०० कोटी वर्षं. पोटॅशियम-४०चं १२५ कोटी आणि युरेनियम-२३५चं ७० कोटी वर्षं. म्हणजे सुरुवातीला असलेलं थोरियम बहुतेक अजून शिल्लक आहे, युरेनियम-२३८ निम्मं उरलं आहे, आणि युरेनियम-२३५ जवळजवळ संपत आलं आहे. पृथ्वी नवी होती तेव्हा खडकांतून आजच्या चौपटीहून अधिक उष्णता तयार होत होती.

आता "निम्मा वाटा" हे कळलं कसं, ते सांगतो. त्यासाठी आधी एकूण उष्णता मोजावी लागते.

माझं काम इथे सुरू होतं. बोअर खोदताना फिरवलेल्या पाण्या-चिखलामुळे आजूबाजूच्या खडकाचं तापमान बिघडलेलं असतं. म्हणून खोदकाम संपल्यावर कित्येक आठवडे, कधी महिने, बोअर तसाच राहू द्यावा लागतो. मग केबलच्या टोकाला तापमापक लावून तो सावकाश खाली सोडायचा. नोंदी खाली जातानाच घ्यायच्या, वर ओढताना नाही, कारण तोवर केबलने आतलं पाणी ढवळलेलं असतं. आकडे वाचताना चमत्कार वगैरे काही दिसत नाही. शंभर मीटर खाली गेल्यावर अडीच-पावणेतीन अंशांचा फरक, पुढच्या शंभर मीटरला पुन्हा तेवढाच. त्याच बोअरमधून काढलेल्या खडकाच्या कांड्या प्रयोगशाळेत नेऊन त्यांतून उष्णता किती सहज वाहते ते मोजायचं, आणि दोन आकड्यांचा गुणाकार करायचा. किलोमीटरमागे २६ अंशांची वाढ आणि अडीच इतकी उष्णतावाहकता असेल, तर चौरस मीटरमागे ६५ मिलिवॅट उष्णता बाहेर पडते आहे. खंडांवरची सरासरी साधारण एवढीच भरते. मघाचे २५ मिलिवॅट इथे बसवून पाहा: खंडावर उभं राहिलं तर पायांखालून येणाऱ्या उष्णतेचा बराच मोठा भाग वरच्या पंधरा-वीस किलोमीटरांतच तयार झालेला असतो, गाभ्यातून आलेला नसतो. १९६८ साली फ्रान्सिस बर्च आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वेगवेगळ्या ठिकाणच्या ग्रॅनाइटची किरणोत्सारिता आणि तिथला उष्णतेचा ओघ आलेखावर मांडला तेव्हा ठिपके जवळजवळ सरळ रेषेत आले. खडक जितका किरणोत्सारी, तितका ओघ जास्त. ती रेषा मागे वाढवली की किरणोत्सार शून्य असतानाही काही ओघ उरतो. तो खालून येणारा.

या नोंदींत मला मनापासून आवडणारी एक गोष्ट आहे. खडकातून उष्णता इतकी हळू सरकते की वरच्या काहीशे मीटरांत तापमानाची रेषा सरळ नसते, थोडी वाकलेली असते. तो बाक म्हणजे गेल्या काही शतकांत पृष्ठभाग किती तापला याची खडकाने जपलेली आठवण असते. आम्हाला तो वेगळा काढावा लागतो. हवामानाचा इतिहास शोधणाऱ्यांना मात्र नेमका तोच हवा असतो.

समुद्राच्या तळाशी अशाच मोजण्या १९५०च्या दशकात सुरू झाल्या तेव्हा सगळे चकित झाले होते. समुद्रतळाच्या बेसाल्टमध्ये युरेनियम-थोरियम फार कमी, म्हणून तिथून उष्णताही कमी येईल अशी अपेक्षा होती. पण ओघ खंडांइतकाच निघाला, आणि समुद्रतळावरच्या लांबच लांब मध्यसागरी पर्वतरांगांजवळ तर कितीतरी जास्त. याचा अर्थ एकच होता: तिथे उष्णता जागेवर तयार होत नव्हती, खालून गरम खडक स्वतःच वर येत होता. आज जगभरच्या ३८ हजारांहून अधिक नोंदींवरून पृथ्वीची एकूण उष्णता सुमारे ४७ टेरावॅट धरली जाते (एक टेरावॅट म्हणजे एक लाख कोटी वॅट). माणसाचा सगळा ऊर्जावापर, तेल-कोळसा-वीज सगळं धरून, याच्या निम्म्याहून कमी आहे.

आता यातला किरणोत्साराचा वाटा. तो थेट मोजायची सोय निसर्गानेच करून ठेवली आहे. युरेनियम आणि थोरियम यांच्या विघटनात प्रतिन्यूट्रिनो नावाचे कण बाहेर पडतात. हजारो किलोमीटरचा खडक त्यांना अडवू शकत नाही. तुमच्या हाताच्या प्रत्येक चौरस सेंटीमीटरमधून हे कण दर सेकंदाला लाखोंच्या संख्येने आरपार जात आहेत. क्वचित एखादा प्रोटॉनवर आदळतो. जपानमधल्या कामिओका इथे डोंगराखाली हजार टन खास तेलाची टाकी आणि भोवती प्रकाशसंवेदक असा 'कॅमलँड' नावाचा प्रयोग उभारला गेला. टक्कर झाली की तेलात आधी एक चमक दिसते आणि सेकंदाच्या काही हजारांशांच्या आतच दुसरी. या जोडीवरून कण ओळखला जातो. पृथ्वीच्या पोटातून आलेले हे कण २००५ साली पहिल्यांदा तिथे टिपले गेले. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षासाठी पावणेआठ वर्षांच्या नोंदी होत्या, आणि त्यांत पृथ्वीतून आलेले कण होते शंभराच्या आसपास. त्यांना इटलीतल्या ग्रान सासो डोंगराखालच्या 'बोरेक्सिनो' प्रयोगाने मोजलेल्या अशाच कणांची जोड दिल्यावर युरेनियम-थोरियमची उष्णता सुमारे २० टेरावॅट निघाली. त्रुटी मोठी, आठ-नऊ टेरावॅटची. पोटॅशियमच्या कणांची ऊर्जा इतकी कमी की या पद्धतीत ते दिसतच नाहीत; त्याचा वाटा खडकांच्या रासायनिक घटनेवरून काढावा लागतो. म्हणून कोणी "किरणोत्सार नेमका ४८ टक्के" असं सांगितलं तर तो आकडा सोडून द्या. "निम्म्याच्या आसपास" हेच आजचं प्रामाणिक उत्तर आहे.

उरलेली उष्णता जुनी आहे. पृथ्वी एकदम तयार झाली नाही. सूर्याभोवतीच्या धुळीचे गोळे झाले, गोळे एकमेकांवर आदळले आणि प्रत्येक आदळण्यात वेगाची ऊर्जा उष्णता झाली. या सगळ्या गोळ्यांना एकत्र आणताना गुरुत्वाने दिलेली ऊर्जा इतकी होती की ती सगळी आत राहिली असती तर पृथ्वी वितळून वाफ झाली असती. बरीचशी अवकाशात निघून गेली, पण बरीच उरलीही. त्याच काळात अ‍ॅल्युमिनियम-२६ हे अल्पायुषी मूलद्रव्य, अर्धायुष्य जेमतेम सात लाख वर्षं, लहान लहान गोळ्यांना आतून वितळवत होतं. ते केव्हाच नाहीसं झालं. मग मंगळाएवढा एक ग्रह आदळला आणि त्यातून चंद्र तयार झाला असं मानलं जातं. त्या धडकेत पृथ्वीचा मोठा भाग पुन्हा वितळला असणार. वितळलेल्या पृथ्वीत लोखंड खाली बुडालं आणि गाभा तयार झाला. जड वस्तू खाली पडताना स्थितिज ऊर्जा मोकळी होते. पृथ्वीच्या एकूण वस्तुमानाच्या जवळपास एक तृतीयांश लोखंड हजारो किलोमीटर खाली पडलं, त्या उष्णतेची कल्पना करा.

गाभ्यात ही शिल्लक अजून आहे. गाभ्याच्या आत आणखी एक वेगळा गाभा आहे हे डॅनिश भूकंपशास्त्रज्ञ इंगे लेहमान यांनी भूकंपलहरींवरून १९३६ साली दाखवलं; हा आतला गाभा घन आहे हे पुढे स्पष्ट झालं. त्याच्या सीमेवरचं तापमान साडेपाच ते सहा हजार केल्विनच्या दरम्यान धरलं जातं, म्हणजे सूर्याच्या पृष्ठभागासारखं. बाहेरचा द्रव गाभा सावकाश गोठतो आहे आणि आतला घन गोळा वर्षाला साधारण एक मिलिमीटर वाढतो आहे. पाणी गोठताना जशी सुप्त उष्णता बाहेर टाकतं तसंच लोखंडही टाकतं. गाभ्यातून प्रावरणात येणारी उष्णता ५ ते १५ टेरावॅट असावी असा अंदाज आहे.

मग साडेचारशे कोटी वर्षांत हे सगळं थंड का झालं नाही? याच प्रश्नावर एकोणिसाव्या शतकातला एक मोठा वाद झाला, आणि तो बहुतेक ठिकाणी अर्धवट सांगितला जातो. ब्रिटिश भौतिकशास्त्रज्ञ लॉर्ड केल्विन यांनी १८६२ साली गणित मांडलं: पृथ्वी वितळलेली होती, मग गोठली, आणि आता तापलेल्या गोळ्यासारखी केवळ उष्णतावहनाने थंड होते आहे. खाणींमधली तापमानवाढ घेऊन त्यांनी पृथ्वीचं वय २ ते ४० कोटी वर्षांच्या दरम्यान काढलं आणि पुढे २ ते ४ कोटींपर्यंत खाली आणलं. १८९६ साली किरणोत्साराचा शोध लागला. १९०३ साली पिएर क्युरी आणि आल्बेर लाबोर्द यांनी दाखवलं की रेडियम तासाभरात स्वतःच्या वजनापेक्षा जास्त बर्फ वितळवेल इतकी उष्णता देतं. तेव्हापासून गोष्ट अशी सांगतात की केल्विन यांना किरणोत्सार माहीत नव्हता म्हणून ते चुकले. पण त्यांच्याच गणितात किरणोत्सार घातला तरी वय फारसं वाढत नाही. खरी चूक त्याआधी, १८९५ साली, त्यांचेच जुने सहायक जॉन पेरी यांनी दाखवली होती: पृथ्वीच्या आत उष्णता फक्त झिरपत नसेल, आतला पदार्थच वाहत असेल, तर वरचा तापमानाचा चढ कोट्यवधी वर्षं तसाच टिकून राहील. पेरी यांच्या हिशेबाने वय दोन-तीनशे कोटी वर्षांपर्यंत जात होतं. त्या वेळी त्यांचं कोणी फारसं मनावर घेतलं नाही, याचं मला आजही वाईट वाटतं.

पेरी बरोबर का होते, हे साध्या हिशेबात दिसतं. खडकातून उष्णता झिरपायला लागणारा वेळ अंतराच्या वर्गाप्रमाणे वाढतो. एक किलोमीटरला सुमारे ३२ हजार वर्षं. दहा किलोमीटरला ३२ लाख. शंभर किलोमीटरला ३२ कोटी. प्रावरणाच्या २,९०० किलोमीटरना लागतील विश्वाच्या वयाच्या कित्येक पट वर्षं. म्हणजे केवळ झिरपण्याने गाभ्याची उष्णता आजवर आपल्यापर्यंत पोचलीच नसती. ती येते कारण प्रावरण वाहतं. ते द्रव नाही, हे मुद्दाम सांगतो. आपण लाव्हाच्या समुद्रावर तरंगतो आहोत हे चित्र चुकीचं आहे. द्रवातून जाऊ न शकणाऱ्या भूकंपलहरी प्रावरणातून आरामात जातात. पण घन असूनही, तापलेल्या अवस्थेत आणि प्रचंड काळात, ते वर्षाला काही सेंटीमीटर या वेगाने सरकतं. गरम खडक वर येतो, थंड खाली जातो. अशा रीतीने प्रावरण शंभर कोटी वर्षांत पन्नास ते शंभर अंशांनी थंड होत आलं आहे.

पुढे जाण्याआधी काही चुकीची उत्तरं बाजूला करतो, कारण ती जाणकारांच्या तोंडूनही ऐकतो.

"खाली दाब प्रचंड, म्हणून उष्णता तयार होते." सायकलचा पंप दाबताना गरम होतो, पण दाबून तसाच धरून ठेवला तर तापत राहत नाही, निवतो. दाब वाढताना तापमान वाढतं, स्थिर दाब नवी उष्णता देत नाही. "भूपट्ट एकमेकांवर घासतात त्याची उष्णता." प्रस्तरभंगावर घर्षण होतं, ते खरं, पण पट्ट हलतात ते आतल्या उष्णतेमुळेच, हा वेगळा स्रोत नव्हे. चंद्राच्या ओढीने पृथ्वी थोडी पिळली जाते, पण त्यातली जवळपास सगळी ऊर्जा समुद्रांत खर्ची पडते. गुरूच्या आयो या चंद्राची गोष्ट वेगळी, तिथले ज्वालामुखी खरोखरच या पिळण्यावर चालतात.

आणि चौथं, सर्वांत जास्त गोंधळाचं: घरं गरम-थंड ठेवण्यासाठी जमिनीत काही मीटर नळ्या पुरून चालवायचे हीट पंप. त्यांनाही "भूऔष्णिक" म्हणतात. पण जमिनीला सूर्याकडून मिळणारी उष्णता खालून येणाऱ्या उष्णतेच्या दोन हजार पटींहून जास्त आहे. दहा-पंधरा मीटरांखाली ऋतूंचा चढउतार विरून जातो आणि तापमान तिथल्या वार्षिक सरासरीच्या आसपास स्थिर राहतं. ते सरासरी तापमान सूर्याने ठरवलेलं असतं. उथळ हीट पंप मुख्यतः जमिनीत साठलेली सूर्याची उष्णता वापरतो. तंत्र उत्तम आहे, मी त्याचा पुरस्कर्ता आहे, पण त्याचा पृथ्वीच्या गाभ्याशी संबंध जोडू नये. बोअर शेकडो मीटर खोल गेला की मग खालच्या उष्णतेचा वाटा जाणवू लागतो.

आता वीजकेंद्रांकडे. चौरस मीटरमागे ६५ मिलिवॅट म्हणजे एका चौरस किलोमीटरला ६५ किलोवॅट. एवढ्यावर कोणतंही वीजकेंद्र चालणार नाही. किलोमीटरमागे २५-३० अंशांच्या चढाने दोनशे अंश गाठायला सहा-सात किलोमीटर खोल जावं लागेल. रशियातला कोला इथला बोअर १२,२६२ मीटर खोल गेला आणि तळाशी १८० अंश मिळाले. जर्मनीत विंडिशएशेनबाख इथला ९,१०१ मीटरचा बोअर २६० अंशांच्या पुढे गेला. म्हणून आम्ही अशा जागा शोधतो जिथे निसर्गाने उष्णता आधीच वर आणून ठेवली आहे. ती वर आणायचे मुख्य मार्ग तीन.

पहिला शिलारस. इथेही एक बारीक मुद्दा आहे. ज्वालामुखी आहे तिथे खाली जास्त उष्णता "तयार" होते असं नाही. मध्यसागरी पर्वतरांगांखाली गरम खडक वर येतो, त्याच्यावरचा दाब कमी होतो आणि तो आणखी न तापताच वितळतो. जिथे समुद्रतळ खंडाखाली घुसतो तिथे तो पाणी सोबत नेतो. पाण्याने खडकाचा वितळणबिंदू उतरतो आणि खडक वितळतो. रस हलका, म्हणून वर चढतो आणि कवचात काही किलोमीटर खोलीवर येऊन थांबतो. तीस-चाळीस लाख वर्षांचा झिरपण्याचा प्रवास असा काही हजार वर्षांत, कधी त्याहून लवकर, पुरा होतो. आइसलँडमध्ये क्राफ्ला इथे २००९ साली बोअर खोदताना दोन किलोमीटरच्या थोडं खाली तो थेट शिलारसातच शिरला. इंडोनेशिया, फिलिपिन्स, न्यूझीलंड, केनियातल्या खचदरीतलं ओल्कारिया, सगळी मोठी केंद्रं याच प्रकारची. इटलीत लार्देरेल्लो इथे १९०४ साली पिएरो जिनोरी कोन्ती यांनी जमिनीतल्या वाफेवर पाच दिवे लावले, तिथेही खाली निवत चाललेला ग्रॅनाइट आहे.

दुसरा मार्ग पाणी. पावसाचं पाणी भेगांतून तीन-चार किलोमीटर खाली उतरतं, तापतं आणि दुसऱ्या भेगेतून झपाट्याने वर येतं. त्यासाठी ज्वालामुखी लागत नाही. जगातले असंख्य गरम झरे असेच आहेत.

तिसरा मार्ग खरं तर मार्ग नाही, पांघरूण आहे. खाली जास्त किरणोत्सारी ग्रॅनाइट आणि त्यावर शेल किंवा कोळशासारखे उष्णता सहज न सोडणारे थर असतील, तर तेवढ्याच ओघात तापमानाचा चढ दुप्पट होऊ शकतो. ऑस्ट्रेलियातल्या कूपर खोऱ्यात चार किलोमीटरहून थोडं खोल २४० अंशांच्या आसपास तापमान मिळालं, ते असंच. किरणोत्साराची उष्णता वीज म्हणून काढायचा हा सर्वांत थेट प्रयत्न. २०१३ साली तिथे एक मेगावॅटचं प्रायोगिक केंद्र चाललंही. उष्णता होती, पण ती बाहेर आणायला पुरेसं पाणी परवडेल अशा खर्चात खडकातून फिरवता आलं नाही, आणि प्रकल्प थांबला.

एखाद्या झऱ्याची उष्णता कुठल्या मार्गाने आली हे ओळखायची एक सुंदर खूण हेलियम वायूत आहे. युरेनियम-थोरियमच्या विघटनातून हेलियम-४ तयार होतो. हेलियम-३ मात्र पृथ्वी जन्मली तेव्हा आत अडकला आणि प्रावरणातून अजून झिरपतो आहे. हेलियम-४च्या तुलनेत हेलियम-३ किती, हे प्रमाण हवेतल्या प्रमाणाशी ताडून पाहतात. मध्यसागरी बेसाल्टमध्ये ते हवेच्या सुमारे आठ पट असतं, खंडाच्या जुन्या खडकांत हवेच्या पन्नासाव्या भागाएवढं. नमुना घ्यायला आम्ही तांब्याची नळी वापरतो, काचेची बाटली नाही, कारण हेलियम काचेतूनही निसटतो. झऱ्याच्या तोंडाशी नळी लावायची, हवेचा शेवटचा बुडबुडा निघून जाईपर्यंत पाणी वाहू द्यायचं, मग दोन्ही टोकं पकडीत इतकी आवळायची की तांबं तांब्याला चिकटून बंद होतं. साठ अंशांच्या पाण्यात वाकून हे करताना बोटं भाजतात. पण त्या वीतभर नळीतल्या वायूवरून खाली ताजा शिलारस आहे की पाणी नुसतंच खोल जाऊन आलं आहे, हे बहुतेक वेळा कळतं. नुसत्या पाण्याच्या तापमानावरून ते कळत नाही.

शेवटी, संपेल का? पृथ्वीची उष्णता आपल्याने संपणार नाही. पण एका जागेची नक्की उतरते. एक घनकिलोमीटर खडक शंभर अंशांनी निववला तर १०० मेगावॅट उष्णता सुमारे सत्तर वर्षं मिळते. ही साठवण फार मोठी आहे. पण चौरस किलोमीटरला ६५ किलोवॅट या ओघाने ती पुन्हा भरायला एक लाखाहून जास्त वर्षं लागतात. म्हणजे अशा जागी आपण वाहती नदी नाही, साठवलेलं तळं वापरतो. जिथे गरम पाणी स्वतःच जोरात वर येत असतं तिथे भरपाई कितीतरी लवकर होते. म्हणून उपसा किती ठेवायचा हे प्रत्येक क्षेत्राचं वेगळं गणित आहे, आणि ते सुरुवातीला घाईने केलं की पुढे महागात पडतं.

कॅलिफोर्नियातल्या 'द गीझर्स' क्षेत्रात हे घडलेलं आहे. तिथे १९६० पासून वाफेवर वीज तयार होते. खाली दहा-बारा लाख वर्षांपूर्वी घुसलेल्या शिलारसाचा खडक आहे, आणि तो अजून गरम आहे. १९८०च्या दशकात केंद्रांमागून केंद्रं उभी राहिली आणि दशकाच्या अखेरीला वाफेचा दाब भराभर उतरला. अनेकांना वाटलं उष्णता संपली. मोजल्यावर दिसलं की खडक जवळजवळ तितकाच तापलेला होता, ती उष्णता उचलून आणणारं भेगांतलं पाणी संपत आलं होतं. मग आजूबाजूच्या शहरांचं प्रक्रिया केलेलं सांडपाणी नळांनी आणून जमिनीत सोडायला सुरुवात झाली, एक नळमार्ग १९९७ साली, दुसरा सांता रोझा शहराकडून २००३ साली. ते पाणी खाली जाऊन त्या जुन्या खडकावर वाफ होतं, वर येतं, आणि त्यावर तिथली टर्बाइनं आजही फिरत आहेत.